नवशिक्यांसाठी कॉर्कस्क्रू: निवड, पारख आणि वापर

घरी वाइनची बाटली उघडताना बूच अर्ध्यात तुटले, की उघडणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष साधनाचा असतो. बाजारात शे-दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत नाना प्रकारचे कॉर्कस्क्रू मिळतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खोक्यावर तो वापरायला सोपा असल्याचे छापलेले असते. ज्यांनी आजवर एकही बाटली स्वतः उघडलेली नाही, किंवा उघडताना ज्यांची तारांबळ उडाली आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. कॉर्कस्क्रूची किंमत, मूठ आणि चकाकी यांपेक्षा दोन गोष्टी कितीतरी महत्त्वाच्या असतात: बुचात शिरणारे मळसूत्र कसे घडवले आहे, आणि बूच ओढण्याचा भार तरफेवर किती जातो व मनगटावर किती उरतो. या दोन गोष्टी पारखता आल्या, तर विक्रेत्याच्या शिफारशीची फारशी गरज उरत नाही.

आधी बाटलीचे तोंड पाहावे

खरेदीला निघण्यापूर्वी, आपण घरी आणतो त्या बाटल्यांना बूच असते तरी का, हे तपासावे. नाशिक आणि दिंडोरी परिसरातील वायनरींच्या, विशेषतः लवकर पिऊन संपवण्यासाठी बनवलेल्या, अनेक वाइनना आता फिरवून उघडण्याचे ॲल्युमिनियमचे झाकण असते. न्यूझीलंडच्या बहुतेक आणि ऑस्ट्रेलियाच्या पुष्कळ बाटल्यांचेही तसेच आहे. असे झाकण असलेली वाइन दुय्यम दर्जाची असते, हा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. तो निराधार आहे, कारण ताज्या, फळांच्या सुवासाच्या वाइनसाठी वायनरी हे झाकण जाणीवपूर्वक निवडतात. अशी बाटली उघडताना नुसते वरचे झाकण पिरगाळण्याऐवजी मानेवरची खालची पत्र्याची बाही एका हाताने घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने बाटली तळाकडून फिरवावी. जोडाचे टाके एका झटक्यात सुटतात.

फेसाळणाऱ्या वाइनच्या, म्हणजे शॅम्पेन, प्रोसेको किंवा नाशिककडे बनणाऱ्या स्पार्कलिंग वाइनच्या, बाटलीला कॉर्कस्क्रू कधीही लावू नये. शॅम्पेनच्या बाटलीतील दाब पाच ते सहा वातावरणदाबांइतका असतो आणि बुचावर तारेची जाळी असते ती त्यासाठीच. मळसूत्र खुपसल्यावर असे बूच साधनासकट उसळून तोंडावर येऊ शकते. ही बाटली आधी चांगली थंड करावी, अंगठा बुचावर ठेवून तार सैल करावी, बाटली तिरकी आणि माणसांपासून दूर रोखावी, आणि बूच धरून ठेवून बाटली हळूहळू फिरवावी. या कामाला हात आणि एक जाडसर रुमाल पुरतो.

उरलेल्या, म्हणजे बूच असलेल्या साध्या बाटल्यांसाठी कॉर्कस्क्रू हवा. त्यांतही बूच तीन जातींचे भेटते. एक अखंड नैसर्गिक कॉर्कचे. दुसरे कॉर्कचे बारीक कण दाबून व चिकटवून बनवलेले. आणि तिसरे प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाचे. बाटली उघडण्याआधी त्यांतले कोणते आत आहे ते बहुधा कळत नाही, त्यामुळे आपले साधन तिन्हींवर चालणारे असावे.

बूच इतके घट्ट का बसते

कॉर्क म्हणजे भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात वाढणाऱ्या एका जातीच्या ओक वृक्षाची साल. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा साल सोलतात आणि त्यानंतर नऊ-नऊ वर्षांनी पुन्हा सोलतात. झाड तोडावे लागत नाही. जगातील कॉर्कचे जवळपास निम्मे उत्पादन एकट्या पोर्तुगालमध्ये होते. या सालीत हवेने भरलेल्या सूक्ष्म पेशी दाटीवाटीने असतात, म्हणून ती दाबली की आकसते आणि सोडली की पुन्हा फुगू पाहते.

वाइनच्या बाटलीचे बूच याच गुणावर चालते. नैसर्गिक बुचाचा मूळ व्यास सुमारे २४ मिलिमीटर असतो आणि बाटलीच्या मानेची आतली रुंदी तोंडाशी साधारण साडेअठरा मिलिमीटर. यंत्राने दाबून आत बसवलेले बूच तेथे वर्षानुवर्षे काचेवर बाहेरच्या दिशेने रेटा देत राहते. ते सरळ वर खेचायचे तर सर्वसाधारणपणे २० ते ४० किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. नुसत्या हाताने ओढण्याचा कॉर्कस्क्रू घरातल्या ज्येष्ठांना का जमत नाही, आणि तरफ असलेला का जमतो, हे या आकड्यावरून ध्यानात येईल.

काचेला चिकटलेले बूच पहिल्यांदा जागचे हलवणे हा सर्वांत अवघड टप्पा असतो. इंग्लंडमधील धर्मोपदेशक सॅम्युअल हेनशॉल यांनी १७९५ मध्ये कॉर्कस्क्रूचे जे पेटंट घेतले, त्याचा रोख नेमका या अडचणीवर होता. त्यांनी मळसूत्राच्या वरच्या टोकाला एक चकती बसवली. मळसूत्र पूर्ण आत गेले की ही चकती बुचाच्या माथ्यावर टेकते, आणि मूठ आणखी फिरवली की बूचही थोडे फिरते व काचेशी असलेली त्याची पकड सुटते. आजच्या कित्येक स्वस्त साधनांपेक्षा ही युक्ती शहाणी होती.

बुचाची लांबीही लक्षात घ्यावी. रोजच्या वाइनला ३८ ते ४५ मिलिमीटरचे बूच असते. वर्षानुवर्षे साठवण्यासाठी बनवलेल्या महागड्या वाइनना ४९, क्वचित ५४ मिलिमीटरचेही असते. आखूड मळसूत्र लांब बुचाचा फक्त वरचा भाग पकडते आणि मग ओढताना तेवढाच भाग तुटून हातात येतो.

मळसूत्राची पारख

दुकानात कॉर्कस्क्रू हातात आला, की सर्वप्रथम मूठ सोडून मळसूत्राकडे पाहावे. मळसूत्र दोन प्रकारांनी घडवलेले असते. चांगल्या साधनात ती एक बारीक, गोल तार असते आणि तिला असे पीळ दिलेले असतात, की मधला गाभा पूर्ण पोकळ राहतो. दुसऱ्या प्रकारात मधोमध एक भरीव दांडा असतो आणि त्याच्याभोवती आटे काढलेले असतात. सुताराच्या गिरमिटासारखा हा प्रकार बुचाला पकडण्याऐवजी भोक पाडत जातो, आणि बूच जुने किंवा कोरडे असेल तर त्याचा मधला भाग चुरा होऊन मळसूत्र रिकामेच वर येते.

ओळखण्याची सोपी रीत अशी, की मळसूत्र टोकाकडून डोळ्यासमोर धरावे. मधून आरपार उजेड दिसला पाहिजे, आणि काडेपेटीतील काडी त्या पोकळीत न अडखळता जायला हवी. काडी जात नसेल, तर ते साधन खाली ठेवून पुढचे पाहावे. ही एकच कसोटी लावली, तरी दुकानातील निम्मा माल आपोआप बाद होतो.

त्यानंतर टोक पाहावे. ते अणकुचीदार असावे आणि पिळाच्या ओघातच पुढे आलेले असावे, म्हणजे मध्यरेषेवर न येता किंचित बाजूला असावे. टोक बरोबर मध्यावर वळवलेले असेल, तर ते मागून येणाऱ्या तारेसाठी वाट तयार करत नाही. तारेच्या कडेवरून बोट फिरवावे. कड गुळगुळीत लागावी. धारदार कड बूच आतून कापत जाते. पीळ मोजावेत, पाच पूर्ण फेरे असलेले मळसूत्र घरगुती वापराला उत्तम. तारेवर घर्षण कमी करणारा टेफ्लॉनचा काळा थर असेल तर काम बरेच हलके होते, विशेषतः कृत्रिम बुचाच्या बाबतीत.

ऑनलाइन खरेदी करताना काडीची कसोटी लावता येत नाही. तेव्हा मळसूत्राचे जवळून घेतलेले छायाचित्र शोधावे; सर्व छायाचित्रे मुठीची आणि सजवलेल्या खोक्याचीच असतील, तर ती वस्तू न घेतलेली बरी. चाकू, थर्मामीटर, ओतनळी आणि झाकण अशा लवाजम्यासह लाकडी पेटीत येणारे भेटसंच दिसायला देखणे असतात. पण त्यांतला कॉर्कस्क्रू पुष्कळदा त्या पेटीतील सर्वांत सामान्य वस्तू असतो.

बाजारातील प्रकार

सर्वांत जुना आणि साधा प्रकार म्हणजे टी आकाराचा: वर आडवी मूठ आणि खाली मळसूत्र. यात तरफ नसते, सगळा जोर खांद्याचा आणि पाठीचा. शोभेला ठेवावा.

दोन पंखांचा कॉर्कस्क्रू आपल्याकडे सर्वाधिक विकला जातो. त्याची चौकट बाटलीच्या तोंडावर बसते, वरची चावी फिरवली की दोन्ही बाजूंचे पंख वर उठतात, आणि ते खाली दाबले की बूच वर येते. कल्पना चांगली आहे आणि पहिल्याच प्रयत्नात समजतेही, त्यामुळे नवशिक्याला हाच घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी, की स्वस्त नमुन्यांत मळसूत्र हटकून भरीव दांड्याचे आणि आखूड असते. चौकटीच्या आत नेमके काय चालले आहे ते नीट दिसत नाही, आणि पंखांचे दाते हलक्या धातूचे असल्यामुळे काही महिन्यांत झिजून घसरू लागतात. पोकळ गाभ्याचे मळसूत्र असलेला, वजनदार, दाते घट्ट बसणारा पंखवाला कॉर्कस्क्रू मिळाला तर तो वाईट नाही. घरी असा आधीच असेल, तर नवा घेण्याची घाई करू नये.

हॉटेलातील वेटरच्या खिशात असतो तो घडीचा कॉर्कस्क्रू जर्मनीतील कार्ल वीन्के यांनी १८८२ मध्ये पेटंट केला. मुठीच्या एका टोकाला बिजागरीवर फिरणारा एक दांडा असतो, तो बाटलीच्या काठावर टेकतो. मळसूत्र मध्ये असते. आणि आपण मुठीचे दुसरे टोक उचलतो. टेकू एका टोकाला, भार मध्ये आणि बल दुसऱ्या टोकाला, अशी ही शाळेच्या पुस्तकातली तरफ आहे. दांड्याला एकच खाच असलेल्या मूळ रचनेत एक खोट आहे. लांब दांडा सुरुवातीला मुठीला अवघड कोनात उभी करतो, खेच तिरकी लागते, आणि बूच वाकून तुटते.

यावरचा उपाय म्हणजे दोन टप्प्यांचा दांडा. यात दांड्याच्या मधोमध आणखी एक बिजागरी आणि दोन खाचा असतात. पहिल्या, वरच्या खाचेने बूच निम्मे वर येते, मग खालची लांब खाच काठावर टेकवून उरलेले काढायचे. दोन्ही वेळा खेच बरीच सरळ राहते. स्पेनमधील पुलटॅप्स हा या प्रकारचा प्रसिद्ध नमुना, आणि त्याच्या धर्तीवर बनवलेले कॉर्कस्क्रू आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतात. याच्या मुठीतच वेष्टन कापण्याचे छोटे पाते असते, त्यामुळे वेगळी कात्री शोधावी लागत नाही.

चौथा प्रकार एकाच दिशेने फिरवत राहण्याचा. तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीत आयुष्य घालवलेले अमेरिकेतील ह्यूस्टनचे अभियंते हर्बर्ट ॲलन यांनी १९७९ मध्ये स्क्रूपुल नावाने तो बाजारात आणला. एक चौकट बाटलीच्या मानेवर बसते. तिच्यातून लांब, टेफ्लॉनचा थर दिलेले मळसूत्र खाली जाते. ते पूर्ण आत गेल्यावरही मूठ त्याच दिशेने फिरवत राहिले, की बूच मळसूत्रावर आपोआप चढत वर येते. ओढणे, उचलणे, दाबणे यांतले काहीही करावे लागत नाही. फेरे जास्त लागतात, पण प्रत्येक फेऱ्याला जोर अगदी कमी. ज्यांना नेम धरणे आणि तरफ सांभाळणे नको वाटते, त्यांच्यासाठी याहून सोपे हातसाधन माझ्या पाहण्यात नाही.

याच कल्पनेतून पुढे दोन मुठींचे, बाटलीची मान चिमटीत धरून वरचा दांडा खाली-वर करण्याचे मोठे कॉर्कस्क्रू आले. ते काही सेकंदांत बूच काढतात. मात्र ते अवजड असतात, ड्रॉवरमध्ये मावत नाहीत, आणि रुंद ओठाच्या बाटल्यांवर नीट बसत नाहीत. महिन्यातून एखादी बाटली उघडणाऱ्या घरात त्यांचे काम नाही.

विजेवर चार्ज होणारे कॉर्कस्क्रू बाटलीवर सरळ उभे धरून बटण दाबायचे असतात. संधिवात, मनगटाचे दुखणे किंवा हातांची थरथर असणाऱ्या व्यक्तीसाठी हा खरोखर चांगला पर्याय आहे. बुचाचा अंदाज हाताला येत नाही, ही त्याची मर्यादा. म्हणून जुन्या, ठिसूळ बुचावर तो वापरू नये, आणि ऐनवेळी चार्जिंग संपलेले असेल हे गृहीत धरून एक साधा कॉर्कस्क्रू घरात ठेवावा.

सुई खुपसून पंपाने बाटलीत हवा भरणारे साधनही दिसते. काचेच्या बाटलीत बाहेरून दाब वाढवण्याची ही रीत मला पटत नाही. काचेला न दिसणारी चीर असेल तर धोका संभवतो. साध्या वाइनच्या बाटल्या आतला दाब झेलण्यासाठी बनवलेल्या नसतात. दोन पात्यांचे, बूच आणि काच यांच्या फटीत सरकवायचे साधन जुन्या वाइनच्या नाजूक बुचासाठी उपयुक्त असते, पण त्याला सराव लागतो आणि सैल बूच त्याने आतच ढकलले जाते. पहिली खरेदी म्हणून ते नको.

कोणी कोणता घ्यावा

मनगट धडधाकट असलेल्या बहुतेक नवशिक्यांनी दोन टप्प्यांचा, पोकळ गाभ्याच्या पाच फेऱ्यांचा वेटरचा कॉर्कस्क्रू घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो स्वस्त असतो, लहान असतो, सर्व प्रकारच्या बुचांवर चालतो, आणि दोन-चार बाटल्यांत हात बसतो. घेताना दांड्याच्या दोन्ही बिजागऱ्या हलवून पाहाव्यात. त्या सहज फिराव्यात, पण बाजूला लचकू नयेत. दांडा बाहेर ओढल्यावर कसलाही आधार नसल्यासारखा लटकत असेल तर तो काठावरून निसटतो. खाचांच्या कडा काच चिरतील इतक्या तीक्ष्ण नसाव्यात. मूठ तळहातात पूर्ण मावेल इतकी लांब हवी, कारण तरफेची लांबी कमी झाली की लावावा लागणारा जोर वाढतो. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचे चिमुकले कॉर्कस्क्रू याच कारणाने निरुपयोगी ठरतात.

मनगटात ताकद कमी असेल, किंवा घरातील ज्येष्ठ व्यक्तीही बाटली उघडणार असेल, तर एकाच दिशेने फिरवण्याचा चौकटीचा कॉर्कस्क्रू घ्यावा. बोटे वळवणेच कष्टाचे असेल, तर विजेवरचा. डावखुऱ्या व्यक्तींनी एवढे जाणून असावे, की नेहमीचे मळसूत्र उजव्या हाताच्या वळणाचे असते. उलट पिळाचे, खास डावखुऱ्यांसाठी बनवलेले कॉर्कस्क्रूही मिळतात, पण बरेच डावखुरे लोक बाटली उजव्या हाताने फिरवून नेहमीच्या साधनावर निभावून नेतात.

बाटली उघडण्याची कृती

येथे दोन टप्प्यांचा वेटरचा कॉर्कस्क्रू गृहीत धरला आहे. बाटली टेबलावर किंवा ओट्यावर सरळ उभी ठेवावी आणि तिची उंची अशी असावी, की आपण वरून खाली बुचाकडे पाहू शकू. बाटली मांडीवर किंवा गुडघ्यांत धरू नये. बाहेरून ओली असेल तर पुसून घ्यावी, म्हणजे पकड सुटणार नाही.

प्रथम वेष्टन कापावे. बाटलीच्या तोंडाशी काचेचा जाड ओठ असतो. पाते त्या ओठाच्या खालच्या कडेला टेकवून आधी समोरून अर्धे वर्तुळ आणि मग हात बदलून मागून उरलेले अर्धे वर्तुळ कापावे. बाटली धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या वाटेत नाही ना, हे दर वेळी पाहावे; कॉर्कस्क्रूमुळे होणाऱ्या इजा प्रामुख्याने याच पायरीवर होतात. कापलेली टोपी पात्याच्या टोकाने उचलून काढावी आणि बुचाचा माथा ओल्या कापडाने पुसावा. तेथे थोडी काळपट बुरशी दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. ती पुसून टाकावी.

आता मळसूत्र लावावे. टोक बुचाच्या अगदी मध्यावर न ठेवता मध्यापासून किंचित बाजूला ठेवावे, कारण टोक स्वतः मध्यरेषेच्या बाजूला असते आणि आपल्याला संपूर्ण वेटोळे मध्यावर आणायचे आहे. कॉर्कस्क्रू थोडा तिरका धरून टोक रुतवावे, पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच तो सरळ उभा करावा, आणि मग बाटली स्थिर ठेवून मूठ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवत न्यावी. खाली दाबण्याची गरज नसते. चांगले मळसूत्र स्वतःच आत खेचले जाते. ते तिरके जात आहे असे वाटले, तर पुढे रेटू नये. उलटे फिरवून बाहेर काढावे आणि नव्याने सुरुवात करावी.

वर एक फेरा दिसत असताना थांबावे. सामान्य लांबीच्या बुचात यापुढे गेल्यास टोक तळातून बाहेर पडते आणि बुचाचे कण वाइनमध्ये पडतात. दांड्याची पहिली खाच बाटलीच्या काठावर टेकवावी आणि डाव्या हाताच्या मुठीत बाटलीची मान व दांडा दोन्ही एकत्र घट्ट धरावे. ही पकड महत्त्वाची आहे, कारण दांडा निसटला तर काचेचा टवका उडू शकतो. उजव्या हाताने मुठीचे टोक सरळ वर उचलावे; स्वतःकडे किंवा बाजूला ओढू नये. बूच निम्मे वर आले, की मूठ खाली आणून दुसरी खाच काठावर लावावी आणि पुन्हा उचलावे. बूच लांब निघाले, तर या दोन टप्प्यांच्या मध्ये मळसूत्राचा आणखी एक फेरा आत घालावा.

शेवटचा अर्धा सेंटिमीटर राहिला, की तरफ सोडून बूच मुठीत धरावे आणि हलकेच डोलवत काढावे. मोठा आवाज करत बूच उडवण्यात काही कौशल्य नाही आणि वाइन मात्र सांडते. बाटलीचे तोंड आतून-बाहेरून पुसावे. मळसूत्रावरचे बूच उलट फिरवून काढावे. ओढून काढल्यास मळसूत्र वाकते. थोडी वाइन ग्लासात घेऊन वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास येत असेल, तर तो कॉर्कमध्ये तयार होणाऱ्या ट्रायक्लोरोॲनिसोल नावाच्या रसायनाचा दोष असतो आणि ती वाइन सदोष समजावी. बुचाचे दोन-चार कण ग्लासात तरंगणे ही मात्र निराळी आणि निरुपद्रवी गोष्ट आहे.

अडचण आल्यास

बूच मध्येच तुटले आणि निम्मे आत राहिले, तर घाईने पुन्हा मध्यावर मळसूत्र घालू नये, कारण तेथे आधीच भोक पडलेले असते. बाटली थोडी तिरकी करावी, टोक उरलेल्या बुचात कडेकडून, काचेच्या दिशेने झुकवून लावावे, हळूहळू फिरवावे, आणि खेचताना काचेला समांतर ओढावे. तरीही निघाले नाही, तर बूच लाकडी पळीच्या दांड्याने हळूच आत ढकलावे; ढकलताना वाइन उसळते, म्हणून बाटलीच्या तोंडावर कापड धरावे. नंतर वाइन स्वच्छ मलमलीच्या कापडातून किंवा धुतलेल्या चहाच्या गाळणीतून जगमध्ये गाळून घ्यावी. चवीत काही फरक पडत नाही.

बाटलीच्या तोंडावर मेणाचा लाखेसारखा थर असेल तर तो चाकूने ठोकून काढू नये. त्याचे तुकडे सगळीकडे उडतात. मळसूत्र सरळ मेणातूनच आत घालावे, बूच थोडे वर आणावे, फुटलेले मेण पुसून घ्यावे आणि मगच उरलेले बूच काढावे. चपलेत बाटली ठेवून भिंतीवर आपटणे किंवा मान तापवून बूच बाहेर काढणे, असे जे प्रकार मोबाइलवर फिरत असतात, ते काच फुटण्याच्या जोखमीचे आहेत आणि घरी करू नयेत.

पुष्कळदा बूच तुटण्याचे मूळ साठवणीत असते. बाटली महिनोन्‌महिने फडताळात उभी ठेवली, की बूच आतल्या बाजूने सुकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर गरम झालेली वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते आणि वेष्टनाखाली चिकट ओघळ दिसू लागतात. म्हणून बुचाची बाटली आडवी, अंधाऱ्या आणि घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी. गॅसच्या शेगडीवरचे कपाट यासाठी सर्वांत वाईट. उघडलेली वाइन उरली, तर बूच पूर्वी जी बाजू वाइनकडे होती त्याच बाजूने परत घालावे आणि पांढरी असो वा लाल, बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी.

निगा आणि प्रवास

वापर झाल्यावर मळसूत्र आणि पाते ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. कॉर्कस्क्रू भांडी धुण्याच्या यंत्रात किंवा पाण्यात बुडवून ठेवू नये. बिजागऱ्या गंजतात आणि टेफ्लॉनचा थर लवकर उडतो. तो थर खरवडला जाऊ नये म्हणून मळसूत्र घासणीने घासू नये. टोक बोथट झाले किंवा तार वाकली, की पक्कडीने सरळ करण्याच्या भानगडीत न पडता नवा कॉर्कस्क्रू घ्यावा. चौकटीच्या आणि मोठ्या तरफेच्या काही नमुन्यांना मात्र सुटे मळसूत्र मिळते, ते खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.

गोव्याला किंवा परदेशी विमानाने जाताना कॉर्कस्क्रू हातातल्या पिशवीत ठेवू नये, कारण पाते आणि टोकदार मळसूत्र यांमुळे तो सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाण्याचा संभव असतो. तो घडी करून, जाड कापडात गुंडाळून, चेक-इनच्या सामानात टाकावा.